मांजरीची वाट भिंतीआड

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांवरचा कालचा अग्रलेख वाचला. गावांनी शहराशी जुळवून घ्यावं, हा आपला सल्ला शिरसावंद्य. फक्त कुठून जायचं तेवढंही सांगायला हवं होतं.

मांजरी बुद्रुकला माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे, वडिलांनी काढलेलं. दुकानामागून मळ्यांकडे जुनी वहिवाट होती. आधी बैलगाडी जायची, मग छोटा टेम्पो. मधली जमीन विकली गेली, गृहसंकुल उभं राहिलं आणि वाटेवर त्यांचं फाटक आलं. पलीकडे काही घरं अजून कोथिंबीर-मेथी करतात. त्यातल्या एकाची युरियाची गोणी स्कूटरवर टाकून निघालो, तर रखवालदार विचारतो, "कुठल्या फ्लॅटला?" त्याच्या मोबाइलमध्ये शेताचा नंबरच नाही! त्याचा तरी काय दोष, नोकरी करतोय बिचारा. आता मुख्य रस्त्याच्या कोंडीतून वळसा घालावा लागतो. एवढा वळसा घ्यायचाच, तर गिऱ्हाईक सरळ लोणी काळभोरहून माल भरतं.

अर्ज केले. एक कचेरी म्हणते, गाव शहरात गेलं, तिकडे जा. तिकडचे म्हणतात, वहिवाट महसूलवाल्यांना विचारा. पूर्वी सरपंचाला पारावर गाठता यायचं. ३० जून २०२१ ला महापालिकेत गेलेल्या २३ गावांत आम्हीही होतो, ग्रामपंचायत संपली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार. भांडायचं कोणाशी? २०१७ मध्ये आत घेतलेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीला तर पुन्हा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद दिली. आमचं काय ठरलंय ते एकदा कळू द्या, दुकानाची पाटी रंगवायला टाकायची आहे.

रोजगार वाढला, असं आपण म्हणता. वाढला की. मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या बायका आता टॉवरमध्ये धुणीभांडी करतात, आणि पैसे जास्त मिळतात हेही खरं. पण मळ्याचा पैसा गावातच फिरायचा. खतवाला, मोटार दुरुस्त करणारा, टेम्पोवाला, सगळ्यांची उधारी माल विकला की फिटायची. संकुलातली मंडळी मीठसुद्धा मोबाइलवरून मागवतात. माझ्याकडे येतात ती तुळशीच्या कुंडीला मूठभर खत मागायला. देतो. त्याचे पैसे काय घ्यायचे?

जाता जाता आणखी एक. आपल्या अंकातली बाजारभावांची चौकट आक्रसत आक्रसत गायबच झाली. शनिवारी मात्र फ्लॅटच्या जाहिरातींना पानंच्या पानं. परवा त्यात आमच्या वाटेवरचंच संकुल होतं, निसर्गाच्या सान्निध्यात म्हणे! फोटोतला हिरवागार मळा माझ्या गिऱ्हाइकाचा आहे, त्याला कोणी विचारलंही नाही. जाहिराती छापा, आपलंही पोट आहे. पण कोथिंबिरीचा भाव तेवढा पुन्हा सुरू करावा. बारीक टायपात असला तरी चालेल, चष्मा आहे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मांजरी बुद्रुक