इफ-एल्स पाठ करून घेऊ नका, आयर्विन पुलावर नेऊन शिकवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत गावभागात राहते, मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघते. माझा मुलगा आठवीत आहे. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग म्हटलंय, तेव्हापासून आमच्याकडं गल्लोगल्ली क्लास निघालेत, त्यातल्याच एकाला उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला घातलं. पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिकवतात. भाषा चांगली आहे, सोपी आहे, नवशिक्याला घाबरवत नाही, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. म्हणणं आहे ते शिकवायच्या पद्धतीबद्दल, आणि ते एका संध्याकाळी जे झालं त्यावरनं आहे म्हणून आधी तेच सांगते.

क्लासमधे इफ, एलिफ, एल्स, म्हणजे जर, नाहीतर जर, नाहीतर अशा अटी लिहायचं झालं होतं. उदाहरण नेहमीचंच, मार्कांवरनं पास नापास. घरी येऊन त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक प्रोग्राम केला, आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी फुटात टाकायची आणि काय स्थिती आहे ते स्क्रीनवर यायला पाहिजे. सांगलीच्या पोराला ४० फुटाला इशारा पातळी आणि ४५ ला धोका पातळी हे कुणी शिकवावं लागत नाही. त्यानं लिहिलं, पातळी ४० किंवा जास्त असेल तर 'इशारा', एलिफ ४५ किंवा जास्त असेल तर 'धोका', एल्स 'पाणी पात्रात'. ३० टाकलं, पाणी पात्रात. ४२ टाकलं, इशारा. पोरगं खूश. मी म्हटलं ५७ टाक.

स्क्रीनवर आलं, 'इशारा'.

साहेब, २०१९ च्या ऑगस्टमधे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आम्ही वरच्या मजल्यावर होतो आणि खाली जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्यात जाताना बघत होतो. त्या आकड्याला नुसता 'इशारा' हा शब्द बघून माझ्या पोटात गोळाच आला. आणि प्रोग्राममधे चूक म्हणावी तर लाल अक्षरात काही एरर नाही, स्पेलिंग बरोबर, कोलन बरोबर, सगळं सुरळीत चाललंय, फक्त उत्तर चुकीचं.

कारण आम्ही दोघांनी बसून शोधलं. कॉम्प्युटर वरनं खाली वाचत येतो, पहिली जी अट खरी ठरेल तिच्याखालचं काम करतो आणि त्या साखळीतल्या पुढच्या अटींकडं ढुंकूनही बघत नाही. ५७ हे ४० पेक्षा जास्त आहेच की, मग पहिल्याच दारात तो थांबला. म्हणजे त्या प्रोग्राममधे 'धोका' हा शब्द कुठल्याही आकड्याला कधीच येणार नव्हता, लिहिलेला असूनही. ४५ ची अट वर घेतली आणि ४० ची खाली, झालं, प्रोग्राम सुधारला.

दुसऱ्या दिवशी त्यानं क्लासमधे सांगितलं तर सगळ्यांच्या वहीत एक वाक्य लिहून दिलं, 'मोठा आकडा नेहमी आधी लिहावा'. पोरांनी पाठ केलं. माझी तक्रार हीच आहे, कारण हा नियम खोटा आहे. अट उलटी लिहून बघा, 'पातळी ४० पेक्षा कमी असेल तर पात्रात, एलिफ ४५ पेक्षा कमी असेल तर इशारा, एल्स धोका'. इथं छोटा आकडा आधी आहे आणि हेच बरोबर आहे. मोठा आधी घेतला तर ३० फुटाला पण इशारा येईल. मोठा आधी की छोटा आधी हा प्रश्नच नाही मुळात, वरची अट खालच्या अटीचे आकडे गिळून टाकते का एवढं बघायचं असतं, आणि ते पोराला कागदावर एक आडवी रेघ काढून ४० आणि ४५ ला खुणा करून दाखवलं की पाच मिनिटात कळतं. पाठांतर करायची गरजच नाही.

तसंच एलिफच्या जागी नुसतं इफ लिहिलं तर काय होतं, हे पण कुणी करून दाखवत नाही. ४७ फुटाला 'धोका' पण येतं आणि खाली 'इशारा' पण येतं, कारण दोन सुटे इफ म्हणजे दोन सुटे प्रश्न, दोन्ही विचारले जातात. कधीकधी तेच पाहिजे असतं बरं का. पुलाजवळ पाणी किती हा एक प्रश्न आणि कोयनेतनं विसर्ग चालू आहे का हा दुसरा, तिथं सुटे इफच पाहिजेत, एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा विचारायचा सोडून चालणार नाही.

आणखी दोन गोष्टी आम्हाला ठेचकाळूनच कळल्या. आपण बोलताना म्हणतो 'पातळी चाळीस किंवा पंचेचाळीस झाली तर सांग', मुलानं तसंच लिहिलं, पातळी बरोबर ४० ऑर ४५. प्रोग्राम १२ फुटाला पण बोंबलायला लागला. पायथनला ते असं दिसतं की पातळी ४० आहे का, किंवा ४५. आणि नुसता ४५ हा आकडा तिथं 'खरं' धरला जातो, शून्य सोडून कुठलाही आकडा खराच धरतात, म्हणून अट कायमची खरी. पातळी हा शब्द दोन्हीकडं लिहावा लागतो. माणूस माणसाला अर्धं बोलून समजावू शकतो, तिथं पूर्ण बोलावं लागतं.

दुसरी गोष्ट इंचाची. आपल्याकडं पाणी फूट आणि इंचात सांगतात, ४५ फूट ६ इंच. मुलानं टाकलं ४५.६, आणि तासाभराने पाणी ४५ फूट ११ इंच झालं असं धरून टाकलं ४५.११. त्यानं आधीच्यापेक्षा जास्त आहे का अशी अट घातली होती, पाणी वाढतंय का बघायला. उत्तर आलं पाणी उतरतंय. दशांशात ४५.११ हे ४५.६ पेक्षा लहानच असतं ना. अट बरोबर होती, तिला दिलेला आकडा चुकीचा होता. शेवटी फूट वेगळे घेतले, इंच वेगळे घेतले, बाराने गुणून सगळ्याचे इंच केले. हे कुठल्या पुस्तकातल्या मार्कांच्या उदाहरणातनं कळलं असतं मला सांगा.

क्लास चालवणाऱ्यांना आणि शाळेतल्या सरांना, मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे की आधी मराठीतनं शिकवा. आपल्या भाषेत जर, तर, नाहीतर हे तिन्ही शब्द आयते आहेत. इफ म्हणजे जर, कोलन म्हणजे तर, एल्स म्हणजे नाहीतर, आणि एलिफ म्हणजे 'नाहीतर जर', असं मोठ्यानं वाचायला लावलं की पोराला स्वतःलाच ऐकू येतं कुठं घोळ आहे ते. आणि हे कितीजणांना माहिती आहे कुणास ठाऊक, पण २००८ ला पायथनची ३ नंबरची आवृत्ती आली तेव्हापासून प्रोग्राममधल्या आकड्यांना द्यायची नावं देवनागरीत देता येतात, 'पातळी' असं सरळ मराठीत लिहिलं तरी चालतं. कीबोर्डवरनं ४५ मराठी आकड्यात टाकलं आणि इंट केलं, म्हणजे टाकलेल्या अक्षरांचा आकडा करायला सांगितलं, तरी तो पंचेचाळीसच समजतो. फक्त प्रोग्रामच्या आत लिहायचे आकडे आणि इफ, एल्स हे शब्द इंग्रजीतच ठेवावे लागतात. क्लासमधे मात्र मराठी नाव बघून पोराला पुसायला लावलं, ते बरोबर दिसत नाही म्हणून. का दिसत नाही? इंग्रजी येत नाही म्हणून मागच्या बाकावर बसणारं पोरगं 'पातळी' बघून पुढं सरकलं असतं की.

आणि तपासायला ३० आणि ४२ असले मधले आकडे देऊ नका, काठावरचे द्या. ३९, ४०, ४४, ४५, ४६. बरोबर ४५ ला काय येतंय? 'पेक्षा जास्त' लिहिलं की 'किंवा जास्त' लिहिलं याचा फरक फक्त त्या एकाच आकड्याला दिसतो, आणि इथं त्या एका आकड्यावर माणसं घर सोडायचं की थांबायचं ते ठरवतात. प्रिंटची, म्हणजे स्क्रीनवर शब्द दाखवायची ओळ इफच्या खाली चार स्पेस आत आहे की बाहेर आहे याचं पण तेच, बाहेर राहिली की ती अटीची राहतच नाही, पाणी असो नसो चालणारच.

संपादक साहेब, तुमच्याकडं एवढंच मागणं आहे की शाळेच्या मुलांसाठी जे पान असतं त्यावर आठवड्याला चार ओळींचं असं एक कोडं छापा, कॉम्प्युटर नसलेल्या घरात पण कागद पेन्सिल घेऊन सोडवता येईल असं. पहिलं मी देते. वर्षाला ४ ने भाग गेला तर लीप वर्ष, नाहीतर जर १०० ने भाग गेला तर साधं वर्ष, नाहीतर जर ४०० ने भाग गेला तर लीप वर्ष, नाहीतर साधं वर्ष. १९०० हे साधं वर्ष होतं आणि २००० हे लीप होतं. या प्रोग्राममधे दोन्ही वर्षं टाकून बघा, काय येतं, आणि कुठली ओळ कुठं हलवली की बरोबर येईल. उत्तर माझ्या मुलाने काढून ठेवलंय, पुढच्या आठवड्यात पाठवते.

आपली,
एक पालक, गावभाग, सांगली