तिकिटं हलेनात, म्हणून

परभणी
१२ एप्रिल २०२६

प्रिय सुधीर,

आपल्या उन्हाळी दौऱ्यातल्या गाण्याच्या कार्यक्रमांची तिकिटं विकायला काढल्यापासून रोज रात्री तुझा फोन आणि तोच प्रश्न, "आज किती गेली?" फोनवर तू पुरतं ऐकून घेत नाहीस, मधेच पोस्टर बदलू म्हणतोस, म्हणून कागदावरच मांडतो. पोस्टर चांगलं आहे. गाणारेही चांगले आहेत आणि ते इथल्या लोकांना ठाऊक आहे. तिकिटं हलत नाहीत, कारण इथला माणूस तिकीट आधी काढतच नाही. आणि खरं सांगू, त्याचं काही चुकत नाही.

परवा संध्याकाळी मी मेडिकलच्या काउंटरपाशी बसलो होतो, जिथे आपली तिकीटबुकं ठेवलीत. कॉलेजातले एक सर बीपीच्या गोळ्या घ्यायला आले. बुक उलटंपालटं करून पाहिलं, खुर्च्यांचा तक्ता मागितला. गेलेल्या खुर्च्यांवर आपण लाल पेनाने फुल्या मारतो ना, तो. नजर फिरवली आणि म्हणाले, "भरपूर जागा आहेत की! बघू त्या दिवशी." पायरी उतरता उतरता वळून विचारलं, "पासबिस निघतात का हो?" मग दुकानदाराला विचारलं, त्या शनिवारी मॅच कुणाची आहे.

लेका, हा तुझा पक्का श्रोता. गझलेतला चुकलेला शेर तो खुर्चीतून दुरुस्त करील. पगारही वेळेवर होतो. पण आज ५०० रुपये देऊन त्याच्या पदरात जास्तीचं काय पडतं? खुर्ची तर त्या दिवशी खिडकीवरही मिळणारच आहे. तोवर घरात कुणाचं दुखणं निघालं, पाहुणे आले, कार्यक्रमच पुढे गेला, तर त्याचे पैसे तरी अडकत नाहीत. आणि थांबणाऱ्याला कधीकधी फुकटात बसायला मिळतं, हे त्याने अनेकदा पाहिलंय.

ते शिक्षण आपणा आयोजकांचंच. शेवटच्या चार दिवसांत धीर सुटतो. गायकाला रिकाम्या खुर्च्या दिसायला नकोत म्हणून पासांचे गठ्ठे निघतात. एक वीजवाल्यांना, एक पोलिसांना, एक पत्रकारांना, उरलेले नगरसेवकाच्या पोरांकडे. ज्याने महिनाभर आधी पैसे मोजले, त्याच्या शेजारी फुकटवाला येऊन बसतो आणि वर मोबाईलवर बोलतो. तो पैसेवाला पुढच्या खेपेला कशाला घाई करील? तुला पोस्टर बदलायचंच असेल तर खाली ठळक अक्षरांत 'पास नाहीत' एवढं छाप आणि त्यावर टिकून राहा. माझ्या मेव्हण्यालाही देऊ नकोस.

शिवाय गाणं पैसे देऊन ऐकायची गोष्ट आहे, हेच इथे फारसं रुजलेलं नाही. परवा १४ एप्रिल. भीमजयंतीला चौकाचौकांत गाणी होतील, एकाहून एक गळे ऐकायला मिळतील आणि कुणी तिकीट विचारणार नाही. गणपती, नवरात्र, पुढाऱ्यांचे वाढदिवस, सगळीकडे ऑर्केस्ट्रा फुकट. तमाशाचं बघ. पाडव्याला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, जत्रांच्या सुपाऱ्या तिथे ठरतात. गाव वर्गणी काढून सुपारी देतं आणि सगळं गाव बघतं. कनातीचा खेळ असला तर तिकीट असतं, पण ते तंबूच्या दारात, ढोलकी कडाडायला लागल्यावर. आगाऊ बुकिंग ही सवय शहरी नाटकवाल्यांची.

मुळात 'उन्हाळी दौरा' ही कल्पनाच बाहेरची. अमेरिका-युरोपात उन्हाळा म्हणजे उघड्यावरच्या मैफलींचा हंगाम, लोक त्याची वाट बघतात. तिथेही हात पोळतात म्हणा. २०२४ च्या मे महिन्यात 'द ब्लॅक कीज' या नावाजलेल्या बँडने अमेरिकेतला मोठ्या बंदिस्त अरीनांचा दौरा रद्द केला, जेनिफर लोपेझनेही त्याच महिन्याच्या शेवटी उन्हाळी दौरा गुंडाळला. आणि तू सारखं ज्या कोल्डप्लेचं उदाहरण देतोस, जानेवारी २०२५ मधल्या नवी मुंबईच्या कार्यक्रमांचं, तिथे लोक तुटून पडले ते आता नाही तर कधीच नाही या भीतीने. आपल्या तक्त्यावर ती भीती कुठे आहे? मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, रात्री आठ वाजता भिंतीला हात लावला तर चटका बसतो. माणूस कूलरसमोरून उठेल तो फार मोठ्या कारणासाठीच. आपला गाण्याबजावण्याचा हंगाम दसऱ्यापासून. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावची यात्रा थंडीत भरते, ते उगीच नाही.

पैशाचंही ऐक. गेल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीने कित्येकांचं सोयाबीन तर गेलंच, नदीकाठची मातीसुद्धा खरवडून गेली. हरभऱ्याचे जे चार पैसे आले, ते आता मृगाच्या आत बी-बियाणं आणि खतांत जाणार. शेतकरी तुझ्या हॉलात येत नाही, हे कबूल. पण मोंढ्यातला व्यापारी येतो, कापडवाला येतो, आणि त्यांची उधारी त्या शेतकऱ्याकडेच अडकलेली असते. राहिले मास्तर, प्राध्यापक, बँकवाले, कृषी विद्यापीठातली मंडळी. त्यांना तिकीट विकायचं तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. वीस तारखेनंतर काउंटरवर बसणं म्हणजे नुसती हवा खाणं. ५०० च्या वर जाऊ नकोस, तिथपर्यंत जीएसटी नाही, एक रुपया पुढे गेलास की १८ टक्के.

आता तारखा. लातूरसाठी तू २ मे धरलीस. अरे, दुसऱ्या दिवशी डॉक्टरकीच्या प्रवेशाची 'नीट' परीक्षा आहे! लातुरात त्या रात्री निम्म्या घरांतले आई-बाप मोठ्याने बोलतसुद्धा नाहीत. शिवाय यंदा १७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो. अधिकात लग्नं नाहीत, त्यामुळे सगळे मुहूर्त त्याच्या आत कोंबलेत. एका घरात तीन-तीन पत्रिका येऊन पडल्यात, आहेर करून माणसं रिकामी झालीत. उलट १७ नंतरच्या संध्याकाळी मोकळ्या. मंगल कार्यालयं ओस पडतील, पुण्याहून सुट्टीला आलेली पोरं घरी असतील आणि तीच आई-बापाला फोनवरून तिकीट काढून देतात, तेही आदल्या दिवशी. धोंड्याच्या महिन्यात जावयाचा खर्च असतो, पण तो सासऱ्याचा. मी स्वतः जावई असल्याने यावर जास्त बोलत नाही.

म्हणून लातूर २३ मेला घे. नांदेड १० चं राहू दे, तिथे मला चिंता वाटत नाही. परभणीत बाल्कनी आत्ता विक्रीला काढूच नकोस. खालचा भाग भरत आला की उघडू. सरांसारख्यांना तक्त्यावर फुल्या दाट दिसल्या की हात आपोआप खिशाकडे जाईल. निम्म्या दराची भाषा मात्र काढू नकोस, आधी घेणाऱ्यांना काय तोंड दाखवायचं? खरा आकडा मेच्या पाच तारखेनंतर विचार. तोवर रोज फोन केलास तरी उत्तर तेच येईल.

लातूरचं दोन दिवसांत कळव, हॉलवाला अनामत मागतोय. जनरेटरचं डिझेल भाड्यात धरलंय की वेगळं, तेही विचारून घे, कारण लाइट जाणार हे धरूनच चालायचं. आणि तबलजींना आधीच सांगून ठेव, परभणीत मुक्कामाला कूलरची खोली आहे, एसी नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिगंबर