ढिगाऱ्यावरची रोपे मोजण्याआधी तिथे बी रुजवून पाहा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की खाणपट्ट्यातील वृक्षारोपणाच्या बातम्या छापून येतात आणि लावलेल्या रोपांचा आकडा त्यांत ठळक असतो. वणी, भद्रावती, राजुरा, उमरेड या कोळसापट्ट्यातील ओबीच्या (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशापर्यंत पोहोचताना वरून उपसून टाकलेली माती व दगड) ढिगाऱ्यांबाबत हा आकडा जमीन सुधारल्याचा पुरावा मानला जाऊ नये, यासाठी हे पत्र लिहीत आहे. पिशवीतले रोप नर्सरीची माती सोबत घेऊनच येते, आणि खड्ड्यात शेणखत घालून टँकरने पाणी दिले की वर्ष-दोन वर्षे तग धरते. ढिगाऱ्याची माती जिवंत झाली की नाही, हे ठरते ते पळस, मोह, चारोळी, कुसळी गवत यांचे बी तिथे आपसूक रुजते का आणि रुजलेले रोप पुढचा उन्हाळा काढते का, यावरून.

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत असताना मी विद्यार्थ्यांकडून दोन ट्रेमध्ये पळसपापडी रुजवून घेत असे. एका ट्रेमध्ये ढिगाऱ्याची माती, दुसऱ्यात शेताच्या धुऱ्यावरची. उगवण दोन्हींत जवळपास सारखीच दिसे. फरक कळे तो रोप अलगद उपटून मूळ पाण्यात धुतल्यावर. धुऱ्याच्या मातीतले मूळ लांब, पांढरे आणि बारीक मूलरोमांनी भरलेले असे, तर ढिगाऱ्याच्या मातीतले आखूड, जाडसर आणि टोकाशी तपकिरी पडलेले. याचे कारण सरळ आहे. बी पाणी शोषून फुगते तेव्हा त्याचे टरफल बऱ्याच विषारी धातूंना गर्भापर्यंत पोहोचू देत नाही. परंतु मूळ टरफल फोडून बाहेर आले की हे संरक्षण संपते, धातू आणि क्षार थेट मुळाच्या टोकाला भिडतात आणि तेथील पेशींची वाढ खुंटते. वरची पाने मात्र बियातल्या शिदोरीवर काही दिवस हिरवीच राहतात. म्हणून उगवणीच्या टक्केवारीवरच थांबणारी कोणतीही तपासणी अपुरी आहे. अशी रोपे आश्विनातल्या उन्हात, ओल खाली गेली की माना टाकतात.

सगळा दोष धातूंचाच आहे असेही नाही. खोल थरांतून उपसलेल्या या मातीत सेंद्रिय अंश आणि नत्र नगण्य असतात आणि मुळांना साथ देणारे जिवाणू व बुरशी जवळजवळ नसतातच. जिथे कोळशाच्या थरांसोबत पायराइट हे गंधकयुक्त खनिज असते, तिथे हवा-पाण्याशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि आम्लात धातू अधिक विरघळतात. शिवाय डंपरच्या चाकांखाली पृष्ठभाग दाबला जातो. कुसळीचे बी आपल्या पिळदार कुसळाने, ओल आणि ऊन यांच्या बदलाबरोबर फिरत, स्वतःला जमिनीत रोवून घेते. ढिगाऱ्याच्या कडक पापुद्र्यावर ते आडवेच पडून राहते आणि पहिल्या जोरदार सरीत वाहून जाते.

वृक्षारोपणातली सुबाभूळ आणि ग्लिरिसिडिया ही झाडे लवकर वाढतात, उतार धरून ठेवतात, ही त्यांची उपयुक्तता मी नाकारत नाही. परंतु मार्चमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपाने वेचून ज्या घरांचा खर्च भागत होता, त्यांना त्या हिरवळीचा काय उपयोग? मोहाचे बी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते. कागदपत्रे पूर्ण होऊन खरेदी होईपर्यंत ते मेलेले असते. ते गावातूनच गोळा करावे लागते आणि पाऊस पडताच पेरावे लागते.

नियमांची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. 8 जानेवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यावर ती जमीन पुन्हा गवताखाली आणून चारा, वनस्पती व प्राणी यांच्यासाठी योग्य करण्याची अट खाणपट्ट्यांना घालण्यास सांगितले. मँगनीज व लोहखनिजाच्या खाणींना लागू असलेल्या 2017 च्या खनिज संवर्धन व विकास नियमांत वरची सुपीक माती वेगळी काढून पुनर्भरणासाठी वापरण्याची तरतूद आहे. या मातीतच गवता-झुडपांच्या बियांचा साठा असतो. ती उंच ढिगात वर्षानुवर्षे पडून राहिली की तो साठा नासतो, म्हणून ती लवकर परत पसरली पाहिजे. इलाज अशक्य नाही, हेही विदर्भातच दिसले आहे. नागपूरच्या ‘नीरी’ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) गुमगावच्या मँगनीज खाणीतील ढिगाऱ्यांवर साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी), जिवाणू संवर्धके आणि मुळांना साथ देणारी बुरशी वापरून झाडे वाढवून दाखवली.

आमचा शेतकरी सोयाबीन पेरण्याआधी गोणपाटात दाणे गुंडाळून उगवण पाहतो आणि ती 70 टक्क्यांहून कमी निघाली तर बियाणे बदलतो किंवा प्रमाण वाढवतो. ढिगाऱ्यावर खर्च करण्याआधी अशीच परीक्षा तेथील मातीची व्हावी. प्रत्येक ढिगाऱ्याच्या माथ्यावर, उतारावर आणि पायथ्याशी स्थानिक बी पेरावे, मुळांची वाढ मोजावी, पुढच्या जूनमध्ये किती रोपे जिवंत आहेत ते पाहावे आणि हा अहवाल मराठीतून ग्रामसभेपुढे ठेवावा. बी गोळा करण्याचे काम गावातल्या बचत गटांना मजुरी देऊन सोपवावे. जिल्हाधिकाऱ्यांनी यंदाच्या वृक्षारोपणाची देयके मंजूर करताना हा अहवाल जोडणे बंधनकारक करावे, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक
ता. वणी, जि. यवतमाळ