नावे न घेता आभार

दारू सोडून आज 94 दिवस झाले. 1935 साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या रीतीप्रमाणे आमच्या परभणीकडच्या सभेतले नाव बाहेर जात नाही, म्हणून हे आभारही बिननावी. पहिले तीन दिवस हातातली कपबशी वाजत असे. एकदम सोडल्यास झटके येऊ शकतात, असे बजावून मला आधी डॉक्टरांकडे नेणाऱ्या दादांचा मी ऋणी आहे. मोंढ्यातले काम सुटले की पाय जुन्या वाटेला वळत (सातची वेळ अजूनही अवघडच जाते), तेव्हा रोज फोन करून “भाकर खाल्ली का?” एवढेच विचारणाऱ्या काकांचाही. पहाटे पाणी भरायचे, मग अंगण झाडायचे, हा क्रम शेजारच्या मावशींनी लावून दिला. मध्ये एकदा पाय घसरला आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली, त्या सकाळीही त्यांनी काही न विचारता घागर माझ्याच हाती दिली.