रेसिंग ट्रॅकसाठी विकलेल्या किटला ट्रॅकवर वॉरंटी नाही, याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा व तांत्रिक विभाग

विषय : बीएमडब्ल्यू ३ सिरीज (ई४६) च्या मागच्या सबफ्रेमसाठीच्या रिइन्फोर्समेंट (मजबुतीच्या) प्लेटमधील दोष आणि नाकारलेली वॉरंटी

तुमच्या प्रतिनिधीने आत्ताच फोन ठेवला, म्हणून हे लेखी देतोय. बिल आणि फोटो तुमच्याकडे आहेत. दर वेळी नवा माणूस फोनवर आला आणि दर वेळी मी ते नव्याने पाठवले.

ई४६ ची मागची सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणारी चौकट, चार माउंटवर फ्लोअरला बोल्ट होते आणि त्या माउंटभोवतीचा पातळ पत्रा फाटतो, स्पॉट वेल्ड सुटतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या भीतीवरच तुमचं हे प्लेटांचं किट खपतं. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की सबफ्रेम पिळते. त्यात जास्त पकडीचे स्लिक टायर आणि माउंटमध्ये रबराऐवजी कडक पॉलियुरेथेन बुश आले की रबर जो धक्का पचवायचं, तो थेट पत्र्यात जातो. हा भार मोठ्या भागावर पसरवणं एवढंच प्लेटचं काम, आणि त्यासाठी ती फ्लोअरला चिकटून बसायला हवी.

मागची डावी प्लेट बसत नाही. अंडरकोट खरवडून पत्रा चकचकीत केला होता, जुन्या तड्यांच्या टोकांना भोकं पाडून ते वेल्ड करून घेतले होते. प्लेट धरली तर तिची बाहेरची घडीच चुकलेली. प्लेट आणि फ्लोअरमधल्या फटीत खालून ३ मिमीचं ड्रिल बिट आरपार गेलं. वेल्डरने काम थांबवलं आणि मी तुमच्या तांत्रिक विभागाला फोन लावला. उत्तर मिळालं, 'वेल्डने भरून घ्या.' तसं भरलं. आता नेमकं तिथेच, वेल्डच्या कडेला, फ्लोअरच्या पत्र्यात बोटभर तडा गेलाय. उरलेल्या तीन प्लेट ठणठणीत आहेत. वेल्डर तोच, मशीन तेच. मग दोष कुणाचा?

आता आजचं संभाषण, शब्द न् शब्द.

'सर, गाडी ट्रॅकवर नेली होती का?'
'हो. त्यासाठीच किट घेतलंय.'
'मग तो गैरवापर झाला, सर.'
'तुमच्या खोक्यावर "ट्रॅक वापरासाठी" असं छापलंय.'
'बरोबर आहे सर, पण ट्रॅक वापर वॉरंटीत बसत नाही.'
'मग वॉरंटीत काय बसतं?'
'नेहमीचं ड्रायव्हिंग.'
वेल्डने भरायला तुमच्याच माणसाने सांगितलं होतं, हे सांगितल्यावर म्हणाला, 'तशी नोंद दिसत नाही.' वर विचारतो, 'आवाज येतोय का? नाही ना? मग चालवा की, सर.'

मागच्या माउंटचा पत्रा फाटलेला असताना 'चालवा'! भर वेगात वळणावर तो माउंट सुटला आणि मागची चाकं भरकटली, तर जबाबदारी कोण घेणार? हे वाक्य तुमच्या कंपनीतला माणूस बोलतो, याचा मला सगळ्यात जास्त संताप आहे. पैशापेक्षाही जास्त. कारण तुमचं नाव बघून मी स्वस्तातली किट नाकारली आणि मित्रांनाही तुमचंच घ्यायला सांगितलं. त्यांना आता कुठल्या तोंडाने काय सांगू?

आणि पुन्हा सांगतो, खोक्यावर 'ट्रॅक वापरासाठी' छापलंय. तुम्हीच छापलंय.

मला बदली प्लेट नको. किटचे पूर्ण पैसे, प्लेट कापून फ्लोअर दुरुस्त करण्याचा खर्च, आणि त्या घडीचं माप कुठे चुकलं याचं तुमच्या इंजिनिअरच्या सहीचं लेखी उत्तर हवं. याच बॅचच्या प्लेट ज्यांच्या गाड्यांना वेल्ड झाल्यात, त्यांना आधी कळवा. त्यांच्या गाड्या आजही ट्रॅकवर पळत असतील. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर कापलेली प्लेट, फोटो आणि खोक्यासकट ग्राहक न्यायालयात जाईन.

यापुढे फोन करू नका. जे काही असेल ते लेखी द्या.

तुमचा ग्राहक