अभ्यासिका बांधाल, पण वाचनालय कोण उघडणार? ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांच्या निवडणुकांचा प्रचार सुरू आहे. जवळपास प्रत्येक वचननाम्यात ‘अद्ययावत अभ्यासिका’ आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींना शांत जागा हवीच, त्याबद्दल आमचे दुमत नाही. पण अभ्यासिका म्हणजे टेबल, खुर्ची, पंखा आणि मुलांनी घरून आणलेली पुस्तके. तिसरीतल्या मुलीला, शेतातून परतलेल्या बाईला, वर्तमानपत्रासाठी येणाऱ्या आजोबांना तिथे काही मिळत नाही. त्यांना वाचनालय लागते. वाचनालय चालते ते रोज दार उघडणाऱ्या माणसावर आणि दरवर्षी न चुकता येणाऱ्या पैशावर. म्हणून आमचे मागणे एकच आहे: निवडून येणाऱ्या प्रत्येक जिल्हा परिषदेच्या आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात ग्रंथालयाचे स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचे वेगळे खाते, असावे आणि त्यात ग्रंथपालाच्या मानधनाची तरतूद असावी.

हे पत्र उच्च व तंत्रशिक्षण खात्याऐवजी आपल्याला लिहिण्याचे कारण आहे. ग्रंथालय संचालनालय त्या खात्याकडे, शाळा शालेय शिक्षणाकडे आणि गाव आपल्याकडे. तिघांच्या मध्ये वाचनालय पोरके झाले आहे. वास्तविक संविधानाच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांपैकी विसावा विषय ‘ग्रंथालये’ हाच आहे. तरीही ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात रस्ता, गटार, पेव्हर ब्लॉक येतात आणि ग्रंथालय आलेच तर एकदाच, इमारत म्हणून येते.

त्यामागे हिशेबाचे कारण आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता. उरलेल्या अबंधित ४० टक्क्यांतून खोली बांधता येत होती, कपाटे घेता येत होती, पण पगार देता येत नव्हता. त्यामुळे खोली होते, उद्घाटन होते आणि किल्ली ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे जाते. पावसाळ्यात भिंतीला चिकटून ठेवलेल्या कपाटात ओल शिरते, खालच्या दोन फळ्यांना वाळवी लागते आणि दोन-तीन वर्षांत ती खोली निवडणुकीच्या साहित्याचे गोदाम बनते.

शासनाचे अनुदान आहे, हे आम्ही जाणतो. १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे राज्यात अकरा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त वाचनालये उभी राहिली. त्यांतल्या शेवटच्या ‘ड’ वर्गाला ६० टक्के वाढीनंतर वर्षाला ४८,००० रुपये मिळू लागले. त्यातले निम्मे मानधनाला दिले तरी महिन्याला २,००० रुपये होतात. एवढ्यावर बाराही महिने दार उघडणारा माणूस टिकत नाही. त्यातही अनुदान हप्त्यांनी येते आणि पहिला हप्ता हाती पडेपर्यंत वर्षाचे अनेक महिने सरलेले असतात.

तीन हजार वस्तीच्या गावाचा आमचा हिशेब असा आहे. रोज संध्याकाळी ५ ते ८ वाचनालय उघडे ठेवणाऱ्या व्यक्तीला महिना ६,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७२,०००. वर्तमानपत्रे आणि मासिके १२,०००. नवी पुस्तके १५,०००. वीज, इंटरनेट आणि पुस्तकांची बांधणी ६,०००. एकूण १,०५,००० रुपये. माणशी वर्षाला ३५ रुपये पडतात. साप्ताहिक सुट्टी रविवारी ठेवू नये. नोकरदार आणि शाळकरी मुले त्याच दिवशी मोकळी असतात.

शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायतींची पाच हजारांहून अधिक ग्रंथालये २०१९ मध्ये ग्रामविकास आणि पंचायत राज खात्याकडे सोपवली गेली. आज ती ‘अरिवु केंद्रे’ म्हणून ओळखली जातात. कर्नाटक, तमिळनाडू आणि केरळ मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात. आपल्या कायद्यात तो नाही. उपकर लावणे राजकीयदृष्ट्या अवघड असेल, तर निदान लेखाशीर्ष तरी सक्तीचे करा.

आता शाळा. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असलेच पाहिजे, असे लिहिले आहे. समग्र शिक्षा अभियानातून शाळेच्या प्रकारानुसार ५,००० ते २०,००० रुपये ग्रंथालय अनुदान मिळू शकते. कागदावर ग्रंथालय आहे. प्रत्यक्षात मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेचे कपाट आहे आणि त्याला कुलूप आहे. याचा दोष शिक्षकांना देऊ नये. पुस्तक हरवले तर भरपाई आपल्या खिशातून जाईल ही भीती खरी आहे, कारण नोंदवहीत पुस्तक टेबल-खुर्चीसारखे जडवस्तू म्हणून चढते आणि निर्लेखनाला, म्हणजे ते नोंदीतून कमी करायला, अनेक सह्या लागतात.

यावर उपाय तयार आहे. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधला नियम २१५ सांगतो की वर्षभरात दिल्या-घेतल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचांचे नुकसान, त्यात लबाडी किंवा हयगय नसेल तर, वाजवी समजावे. एक हजार रुपयांहून महाग आणि दुर्मीळ पुस्तकांची मात्र चौकशी व्हावी. २०० मुलांच्या शाळेत प्रत्येकाने आठवड्याला एक पुस्तक नेले, तर ३५ आठवड्यांत ७,००० वेळा देवघेव होते. या नियमाने ३५ पुस्तके फाटली-हरवली तरी कोणाला जाब द्यावा लागणार नाही. जिल्हा परिषद शाळांसाठी अशी तरतूद करणारे एक परिपत्रक निघाले तर कपाटे उघडतील आणि त्याला एक रुपयाही लागणार नाही. आमच्या मते या पत्रातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा फरक पाडणारी गोष्ट हीच आहे.

देवघेवीला वेळ पुरत नाही, ही दुसरी अडचण. ३५ मुलांची नावे, पुस्तकाचे शीर्षक आणि लेखक लिहीत बसले तर तासिका तिथेच संपते. वहीत प्रत्येक मुलाचे एक पान ठेवावे आणि फक्त दाखलअंक (नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक), नेल्याची तारीख व परतीची खूण एवढेच लिहावे. पाचवीपुढची दोन मुले हे काम पंधरा मिनिटांत करतात. उरलेल्या वेळात शिक्षकांना वाचून दाखवता येते. लहानांसाठी रॅक चार फुटांपेक्षा उंच नसावा आणि पुस्तकांची मुखपृष्ठे समोर दिसावीत. पहिली-दुसरीची मुले पुस्तकाच्या कण्यावरचे (बांधणीच्या कडेवरचे) नाव वाचून पुस्तक निवडत नाहीत.

खरेदीबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. निधी मार्चमध्ये येतो आणि ३१ मार्चच्या आत संपवायचा असतो. मग ‘सर्वांत कमी दर’ या निकषावर गठ्ठे येतात: एकाच पुस्तकाच्या दहा-दहा प्रती, जुना पडून राहिलेला माल, गमने चिकटवलेली आणि तिसऱ्या वाचनात पाने सुटणारी बांधणी. हे टाळता येते. आधी शिक्षक, ग्रंथपाल आणि वाचकांच्या मागणीवरून पुस्तकांची यादी पक्की करावी, मग त्याच यादीवर विक्रेत्यांकडून सवलतीचे टक्के मागवावेत. एका पुस्तकाच्या दोनपेक्षा जास्त प्रती घेऊ नयेत. मुलांच्या पुस्तकांची बांधणी शिलाईची असावी. जुलै आणि डिसेंबर अशी दोनदा खरेदी झाली तर नवे पुस्तक वर्षभर येत राहते, वाचकही येत राहतात.

आचारसंहितेच्या काळात आपण घोषणा करू शकत नाही, याची आम्हाला कल्पना आहे. घोषणा आम्ही मागतही नाही. २०२२पासून बहुतेक जिल्हा परिषदांचा कारभार प्रशासकांकडे होता. नवे सदस्य येतील तेव्हा स्वनिधी, म्हणजे जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न, कुठे खर्चायचा, याची पहिली चर्चा त्यांच्यासमोर होईल. त्या सभेच्या आधी लेखाशीर्ष आणि नुकसानीची मर्यादा, या दोन्हींबाबत आपल्या खात्याचे परिपत्रक जिल्हा परिषदांपर्यंत पोहोचावे आणि शालेय शिक्षण खात्याचीही त्यावर सहमती असावी. आपल्या पक्षाच्या उमेदवारांनाही सांगावे की सभेत अभ्यासिकेचे नाव घेतील तेव्हा ती किती वाजता उघडणार, कोण उघडणार आणि त्याचा पगार कुठून येणार, हेही मतदारांना सांगा.

आपले,
ग्रामीण वाचनालयांतील आणि शाळांतील ग्रंथालय सेवक