शून्य नव्हे, ‘ओ’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला घरच्या संगणकासाठी दहा अँटिव्हायरस सुचवणारा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण तशी सवयच आहे. एकतीस वर्षं मुद्रितशोधन केल्यामुळे मजकुरात काय आहे याच्या आधी काय गळलंय तेच मला दिसतं. इथे गळलंय ते असं, की विंडोजवर चालणाऱ्या घरच्या संगणकात अँटिव्हायरस आधीपासूनच असतो. विंडोज ८ आलं तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर विंडोजबरोबरच येतो. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत, दरवर्षी नूतनीकरणही करावं लागत नाही. लेखाच्या यादीत त्याचं नावसुद्धा नाही.

मला तरी हे कुठे ठाऊक होतं? दोन वर्षांपूर्वी पीडीएफ फायली एकत्र जोडायला म्हणून मी एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत पुढे गेलो. मधल्या एका चौकटीत कुणीतरी आधीच बरोबरची खूण करून ठेवली होती. तिच्यातून एक भलताच अँटिव्हायरस आत आला. जन्मभर दुसऱ्यांचे अनुस्वार पकडले आणि स्वतःच्या पडद्यावरची ती एक ओळ वाचली नाही! नवा अँटिव्हायरस बसला की डिफेंडर आपणहून बाजूला होतो, कारण दोघंही प्रत्येक फाइल तपासू लागले तर एकमेकांच्या पायात येतात आणि संगणक रांगायला लागतो. महिनाभराने पाहुण्याची फुकट मुदत संपली. मग तो रोज लाल चौकट दाखवून पैसे मागू लागला. शेवटी काढून टाकला.

आता डिफेंडर पुन्हा कामाला लागला की नाही, हे कसं कळायचं? सेटिंगमध्ये हिरवी खूण दिसत होती, पण नुसती खूण पाहून प्रूफ पास करणाऱ्यातला मी नव्हे. यासाठी ‘आयकार’ नावाची एक चाचणी असते. ६८ अक्षरांची एक ओळ, बस्स. तिच्यात व्हायरस नाही, ती कुणाचं काही बिघडवत नाही. पण दिसली की पकडायची, असं अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसांत ठरवलेलं आहे. मी ती ओळ कागदावर लिहून घेतली, नोटपॅडमध्ये टाइप केली आणि फाइल साठवली. काहीच झालं नाही. पोटात गोळा आला. कागद समोर धरून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं, तेव्हा चूक सापडली. तिसरं अक्षर रोमन ‘ओ’ आहे आणि मी शून्य टाइप केलं होतं. मुद्रितशोधकाची याहून शोभा ती काय व्हायची! दुरुस्ती करून पुन्हा साठवली, तर जरा वेळात फाइल नाहीशी झाली आणि कोपऱ्यात सूचना आली.

अर्थात पहारेकरी जागा आहे एवढंच यातून कळतं, तो किती तरबेज आहे ते नाही. त्यासाठी जर्मनीतली एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज या प्रयोगशाळांचे निकाल बघावेत. ते फुकट वाचता येतात. कोणता अँटिव्हायरस निरपराध फायलींनाच चोर ठरवतो, हेही त्यांत दिलेलं असतं. लेखकाने निदान ते तरी चाळायला हवे होते.

लेखात ‘फुकट आवृत्तीने सुरुवात करा’ असाही सल्ला आहे. फुकट म्हणजे कशाच्या बदल्यात, ते कोण सांगणार? अव्हास्ट या अँटिव्हायरस बनवणाऱ्या कंपनीने ग्राहक कोणकोणती संकेतस्थळं बघतात ही माहिती आपल्या एका उपकंपनीमार्फत विकली. त्यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणीला ठेवलेला माणूसच घरातल्या गोष्टी बाहेर सांगत सुटला, त्यातली गत.

आणखी एक प्रकार आमच्याकडे घडला. पत्नीच्या पडद्यावर कोपऱ्यात सारख्या सूचना येऊ लागल्या, ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत’. त्याही आम्ही कधी न घेतलेल्या अँटिव्हायरसच्या नावाने. दोन दिवस तिने संगणकाला हात लावला नाही. व्हायरस एकही नव्हता. कुठल्याशा संकेतस्थळाने ‘सूचना पाठवू का?’ असं विचारलं होतं आणि तिने ‘अलाऊ’ दाबलं होतं. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढली, सूचना थांबल्या. अशा वेळी घाबरून त्या सूचनेवर क्लिक करणं आणि पैसे भरणं, हाच खरा धोका. पूर्वी असले मजकूर अशुद्ध असत, त्यावरून ओळखू येत. आता ते माझ्यापेक्षा शुद्ध लिहितात.

अपडेटबद्दल तर लेखात एक ओळही नाही. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं प्रकरण जगभर पसरलं. ते ज्या भगदाडातून शिरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. विंडोज १० चा नियमित पाठिंबा, म्हणजे अशी अपडेट देणं, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अजून त्यावरच असलेल्या वाचकांना दहापैकी कुठला अँटिव्हायरस घ्यावा यापेक्षा ही तारीख कळणं जास्त गरजेचं होतं. अँटिव्हायरस विकत घेणारे सगळे मूर्ख, असं मी म्हणत नाही. मुलांवर लक्ष ठेवायच्या सोयी किंवा अडचणीत फोनवर बोलायला माणूस हवा असेल, तर जरूर पैसे मोजावेत. पण आपल्याजवळ आधी काय आहे ते तपासून.

अशी यादी पुन्हा छापाल तेव्हा दुव्यावरून वाचकाने खरेदी केली तर लेखकाला काही मिळतं का, तेवढं खाली बारीक टाइपात का होईना, छापावं. मी ते वाचेन.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. : लेखात ‘अँटिव्हायरस’ हा शब्द तीन प्रकारांनी छापला आहे. शीर्षकातला बरोबर आहे.